गालिचा किती मोठा घ्यावा? : घरातल्या जमिनीवरचा क्षेत्रफळाचा धडा



मुलुंड असो की बोरिवली, आपल्या उपनगरांतल्या कितीतरी घरांत बाहेरची खोली म्हणजेच बैठक, जेवणाची जागा आणि रात्री झोपायची खोली. अभ्यासाचं वेगळं टेबल कुठून येणार? मुलं जमिनीवरच बसतात. म्हणून गालिचा किंवा सतरंजी घेताना रंग नंतर बघा, आधी माप बघा. आणि ते माप मुलालाच काढू द्या.

माझ्या घरचंच गणित सांगते. खोली 10 फूट बाय 12 फूट, म्हणजे 120 चौरस फूट. पण गालिचा मोकळ्या जमिनीच्या मापाने घ्यायचा असतो. रुंदीतले अडीच फूट सोफ्याने आणि दीड फूट टीव्हीच्या कपाटाने घेतले. उरले 6 फूट. लांबीत दारापासून स्वयंपाकघराकडे जायच्या वाटेला 3 फूट सोडले. उरले 9 फूट. मोकळी जमीन 54 चौरस फूट, अर्ध्याहूनही कमी!

दुकानात साधारण 4 बाय 6, 5 बाय 8, 6 बाय 9 अशी मापं मिळतात. 6 बाय 9 घेतला तर तो कपाटाला टेकतो, खालचा ड्रॉवर उघडताना अडतो. 5 बाय 8 घेतला तर चारही बाजूंना अर्धा फूट फरशी मोकळी राहते. दार आत उघडत असेल तर ते गालिच्यावर अडत नाही ना, तेही बघा.

आता खरी गंमत. मुलाला पुस्तक-वही उघडून मांडी घालून बसवा आणि भोवती खडूने चौकोन काढा. आमच्याकडे तो 3 बाय 3 फूट भरला, म्हणजे 9 चौरस फूट. 5 बाय 8 चे 40 चौरस फूट. 40 भागिले 9, म्हणजे चार मुलं बसतील? जुनी वर्तमानपत्रं चिकटवून तेवढा कागद अंथरा आणि चौकोन मांडून बघा. दोनच बसतात! 4 बाय 6 वरही दोनच. फरक एवढाच, की 5 बाय 8 वर शेजारी आजी किंवा आई बसू शकते. भागाकार बरोबर असतो, पण जागा आकाराने भरते. हे मुलाला फळ्यावर सांगून पटत नाही, कागद अंथरला की पटतं.

आणखी एक. मुंबईच्या पावसाळ्यात जाड गालिचा लवकर वाळत नाही. रात्री गुंडाळून ठेवता येईल आणि घरी धुता येईल अशी सुती सतरंजी बरी.

मोठ्या मुलांना घराच्या करारनाम्यातलं ‘चटई क्षेत्र’ दाखवा. 2016 च्या रेरा कायद्यानुसार त्यात बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत, पण आतल्या भिंतींखालची जागा धरतात. चटई काही भिंतीखाली अंथरता येत नाही!

शिक्षकांना एक विनंती. हा उपक्रम वर्गात घेताना कुणाच्याही घराचं माप विचारू नका. एका खोलीत सहा जण राहणारं मूल आपल्याच वर्गात असतं, आणि तो आकडा सगळ्यांसमोर सांगणं त्याला जड जातं. वर्गाचीच खोली मोजा. घरचं माप घरी, पालकांसोबत.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरंच. पण घरात अंथरूण घेताना मुलाच्या वहीपुरती जागा आधी मोजा.