हरळी घ्या, टीचर!
नवरा मंचरचा, मी जुन्नरची. दोघंही पक्के मराठी मीडियमवाले. आणि सध्या थायलंडमधल्या एका शाळेत इंग्रजी शिकवतोय. हसू नका, आमचं हसून झालंय!

बऱ्याच जाहिरातींत 'नेटिव्ह स्पीकरच हवा' अशी अट. बाकीच्यांसाठी डिग्री, टोइक नावाच्या इंग्रजी परीक्षेचा स्कोअर, व्हिसा, वर्क परमिट... ते सगळं जमलं. माझी धास्ती वेगळीच होती. पुण्यात मासकॉमला असताना माझ्या उच्चारांवर अख्खा वर्ग फिदीफिदी हसायचा. फ्रीलान्सिंगमध्ये लिहून भागतं. शिकवताना तोंड उघडावंच लागतं ना!

पहिल्याच तासाला एक पोरगा ऐटीत म्हणाला, "फुटबॉन!" थाईत शब्दाच्या शेवटी 'ल' टिकत नाही, त्याचा 'न' होतो. ॲपलचं 'ॲपन'. मला आजीची 'यष्टी' आठवली. वर्गातलं कुणीच हसलं नाही, मीही नाही. 'ल' म्हणताना जीभ कुठे टेकते, ते फळ्यावर काढून दाखवलं. आठवडा गेला त्यात.

जूनमध्ये 'वाय ख्रू' झाला. ख्रू म्हणजे आपला गुरू, आणि वारही बहुधा गुरुवारच! मुलं गुडघ्यांवर बसून पुढे आली. हातात वांग्याची फुलं आणि चक्क हरळी. म्हणजे दूर्वाच हो. ती कुठेही तगते, भराभर पसरते, तशी विद्या वाढावी म्हणून. 'फुटबॉन'वाला सगळ्यात पुढे.

रात्री सासऱ्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवली. आबा बघतच राहिले.

"जन्म गेला माझा ती उपटण्यात," म्हणाले, "आणि तुला तिथं पोरं आणून देत्यात?"