सेंटोसा : संतोषाच्या बेटाचा जमाखर्च

सिंगापूरच्या दक्षिण किनाऱ्यालगत एक छोटे बेट आहे. मलय भाषेत त्याचे जुने नाव 'पुलाऊ ब्लाकांग माती' असे होते आणि त्यातील 'माती' या शब्दाचा अर्थ मृत्यू. ब्रिटिशांनी या बेटावर तोफा बसविल्या, लष्करी छावण्या उभारल्या. स्वतंत्र सिंगापूरने हे बेट पर्यटनासाठी विकसित करण्याचे ठरविले, तेव्हा असे अशुभ नाव पुसले जाणे ओघानेच आले. नवे नाव ठरले 'सेंटोसा'. मलय भाषेत त्याचा अर्थ शांती, स्वस्थता. आणि त्याचे मूळ आपल्या परिचयाच्या संस्कृत 'संतोष' या शब्दात आहे. बेटाच्या विकासासाठी १९७२ साली स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले.

आज याच संतोषाच्या बेटावर 'युनिव्हर्सल स्टुडिओज' हे भव्य मनोरंजन उद्यान उभे आहे. २०१० साली ते खुले झाले. प्राचीन इजिप्त, हॉलीवूड, न्यूयॉर्क, डायनासोरांचे हरवलेले जग, परीकथेतील 'फार फार अवे' आणि २०२५ साली नव्याने आलेला 'मिनियन लँड' असे त्याचे विभाग आहेत. पाहावे तिकडे मुलांची नजर खिळावी आणि वडीलधाऱ्यांचा हात खिशाकडे जावा, अशीच तेथील रचना आहे. कित्येक खेळांतून बाहेर पडण्याची वाट खेळण्यांच्या दुकानातूनच जाते. व्यापारी माणसाला त्यातील हिशेब सांगावा लागत नाही. तरीही दुकानात पैशापैशाचा मेळ घालणारा गृहस्थ परदेशातील सहलीत हिशेबाचे भान विसरतो, असे पुष्कळदा दिसते.

आजी-आजोबा, मुलगा-सून, अकरा वर्षांचा नातू आणि साडेतीन वर्षांची नात असे सहा जणांचे एक व्यापारी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. मुलांनी वर्गमित्रांकडून उद्यानाचे वर्णन ऐकलेले असते, त्यांचा हट्ट असतो. मुलाला वाटते, आई-वडिलांनी आयुष्य गल्ल्यामागे घालवले, त्यांनाही एकदा समुद्रापार न्यावे. आजोबांना मात्र एकच प्रश्न पडतो : पैसा येणार कोठून?

प्रश्न रास्त आहे. बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यावर शिल्लक मर्यादा दिसते म्हणून तीतून विमानाची तिकिटे काढणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक मार्ग होय. ती रक्कम मालाची आहे. सीझनच्या तोंडावर पुरवठादाराची देणी थकली, की सहलीचा आनंद व्याजासह फेडावा लागतो. हा खर्च पेढीच्या खर्चात लिहिणेही योग्य नव्हे. तो मालकाच्या उचल खात्यातच पडला पाहिजे. यापेक्षा दीड वर्ष आधी एक आवर्ती ठेव उघडावी. उदाहरणार्थ, दरमहा २५,००० रुपये १८ महिने भरले, तर मुद्दलच ४,५०,००० रुपये होते. ज्या घराला दरमहा १५,००० झेपतात, त्याची मर्यादा २,७०,००० आणि व्याज इतकी. त्या घराने दिवस कमी करावेत किंवा आणखी सहा महिने थांबावे. श्रावकाच्या व्रतांतील परिग्रह-परिमाणात आकडा दुसरा कोणी ठरवून देत नाही. तो ज्याचा त्याने, मोह समोर येण्यापूर्वी ठरवायचा असतो. सहलीचे अंदाजपत्रकही याच रीतीने करावे. ठरलेल्या रकमेचा दहावा भाग राखीव म्हणून बाजूला ठेवावा आणि उरलेल्यात बेत बसवावा.

यानंतर प्रश्न येतो काळाचा. सिंगापूरच्या शाळांना जून महिन्यात आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरअखेर मोठी सुट्टी असते. त्या काळात उद्यानात स्थानिक कुटुंबांचीच दाटी होते. पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत बाजार शांत असला, तरी विमानभाडे त्याच दिवसांत चढलेले असते. शिवाय चातुर्मासाचे नियम पाळणाऱ्या घरांना तो काळ अडचणीचाच. त्यामानाने मे महिन्यातील पहिले तीन आठवडे सोयीचे. मात्र घरात कोणाचे वर्षीतप चालू असेल, तर अक्षय्य तृतीयेचे पारणे पाहूनच तारीख धरावी. उद्यानासाठी मंगळवार ते गुरुवार यांपैकी एखादा दिवस निवडावा आणि तेथील सार्वजनिक सुट्टी टाळावी. विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर असल्याने पाऊस तेथे बारमाही पडतो; छत्री सामानात असावी.

कागदपत्रांत पैसा वाचतो तसा वायाही जातो. लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत पाच वर्षांचीच असते; मोठ्यांचे दहा वर्षांचे पाहून सर्वांचे तसेच असेल असे समजू नये. प्रवासाच्या वेळी मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. व्हिसाचा अर्ज अधिकृत एजंटमार्फत जातो. त्याचे सरकारी शुल्क माणशी ३० सिंगापूर डॉलर असून अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. एजंटचा आकार त्याहून वेगळा. एक डॉलर सत्तर रुपयांच्या आसपास धरला, तर सहा जणांचे शुल्कच साडेबारा हजारांच्या घरात जाते. आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत 'एसजी अरायव्हल कार्ड' भरावे लागते. सरकारी संकेतस्थळावर ते मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे टाळावीत.

पॅकेज घ्यावे की स्वतः आखणी करावी, हा निर्णय कुटुंबाच्या सवयीवर अवलंबून आहे. परदेशी सहलीच्या पॅकेजवर १ ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस आकारला जातो आणि त्याचे दर वेळोवेळी बदलत आले आहेत. ही रक्कम बुडत नाही. विवरणपत्रात ती करापोटी वळती होते किंवा परत मिळते. मात्र ती काही महिने अडकून पडते. म्हणून पॅकेज अशाच सदस्याच्या पॅनवर घ्यावे, जो नियमित विवरणपत्र भरतो. परदेशात कार्ड वापरताना दुकानदार विचारतो, "रुपयांत घेऊ की डॉलरमध्ये?" उत्तर नेहमी डॉलर असेच द्यावे. रुपयांत स्वीकारल्यास दर तेथील यंत्रणा ठरवते, आणि तो ग्राहकाच्या हिताचा क्वचितच असतो.

मुक्कामासाठी 'लिटल इंडिया' हा भाग मराठी-गुजराती शाकाहारी कुटुंबाला सर्वार्थाने सोयीचा. येथील स्थानकावरून मेट्रोची नॉर्थ ईस्ट लाइन गाडी न बदलता थेट 'हार्बरफ्रंट' येथे, म्हणजे सेंटोसाच्या दारात नेते. प्रत्येक प्रवाशाला वेगळे कार्ड लागते. मात्र ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचे मूल मोठ्यांसोबत विनाशुल्क जाते. मोठे कुटुंब म्हणून इंटरनेटवरील स्वस्त खासगी सदनिका घेण्याचा मोह होतो. परंतु सिंगापुरात खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देणे बेकायदेशीर आहे. त्यापेक्षा हॉटेलमध्ये लगतच्या दोन खोल्या बऱ्या.

आहाराची काळजी सर्वाधिक आजींना असते. सेरांगून रोडवर १९४७ पासून चालणाऱ्या 'कोमला विलास'सारखी शुद्ध शाकाहारी भोजनालये आहेत. पण शाकाहारी म्हणजे जैन नव्हे. सांबारात कांदा आणि मसाला डोशात बटाटा असणारच. आंबवलेले पीठ वर्ज्य असणाऱ्यांनी इडली-डोसाही गृहीत धरू नये. चिनी बौद्ध पद्धतीच्या शाकाहारी उपाहारगृहांत कांदा-लसूण नसतो, हे ऐकून कित्येकांना आश्चर्य वाटते. परंतु गाजर, मुळा आणि आळंबी तेथे सर्रास असतात, म्हणून पदार्थागणिक विचारावे. खाकरा, सुकडी, कोरडी चटणी, भाजलेले पोहे घरूनच न्यावेत. मात्र सामान भरताना खसखस कटाक्षाने वगळावी. मसाल्यात, मिठाईत किंवा मुखवासात ती असली तरी सिंगापुरात तिला बंदी आहे. च्युइंग गमच्या आयातीलाही १९९२ पासून मनाई आहे.

चौविहार पाळणाऱ्यांना या शहराची एक गोष्ट अनुकूल आहे. तेथे सूर्योदय आणि सूर्यास्त वर्षभर सातच्या आसपासच होतात. नवकारशी आटोपून, सकाळी पोटभर न्याहारी करून दहाच्या सुमारास उद्यानाच्या दारात पोहोचता येते; सायंकाळी साडेपाचला बाहेर पडल्यास सूर्यास्तापूर्वी मुक्कामी भोजन होते. एकदा हे वेळापत्रक बसले, की ते मुक्कामभर बदलावे लागत नाही.

उद्यानाच्या तिकिटासंबंधी दोन गोष्टी घरीच पाहाव्यात : वय आणि उंची. चार वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, चार ते बारा वयासाठी बालकाचे तिकीट आणि त्यापुढे पूर्ण. पूर्ण तिकीट ८० सिंगापूर डॉलरच्या पुढे जाते, म्हणजे माणशी साडेपाच-सहा हजार रुपये. उंचीचे बंधन खेळागणिक निराळे असते : 'ट्रान्सफॉर्मर्स'साठी १०२, 'ममी'च्या खेळासाठी १२२, तर 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या झुकझुक उसळत्या गाडीसाठी १२५ सेंटिमीटर. घरच्या भिंतीवर पेन्सिलने नातवाची उंची मोजली, तर हजारो रुपये भरून दारातून रडत परतण्याची वेळ येत नाही. रांग टाळण्यासाठी 'एक्स्प्रेस पास' वेगळ्या किमतीस मिळतो. गर्दी नसलेला दिवस निवडणाऱ्यास आणि दार उघडताच मोठ्या खेळांकडे वळणाऱ्यास त्याची गरज सहसा पडत नाही. नळाचे पाणी पिण्यायोग्य असल्याने बाटल्या विकत घेण्याचेही कारण नाही. उकळलेले पाणी पिणाऱ्यांनी सकाळीच खोलीतील किटलीत पाणी उकळून सोबत घ्यावे.

आता आजी-आजोबांचा विषय. उसळत्या गाड्यांत ते बसणार नाहीत, मग त्यांची तिकिटे कशासाठी, असा हिशेब पटकन मांडला जातो. त्यात तथ्य आहे. पण तो त्यांना विचारल्याशिवाय मांडू नये. सेंटोसावर तिकिटाविना पाहण्यासारखे पुष्कळ आहे. हार्बरफ्रंटहून समुद्रावरील पादचारी मार्गाने चालत बेटावर जाता येते. बेटावरील मोनोरेल आणि बसला पैसे पडत नाहीत. पश्चिम टोकाला सिलोसो किल्ला आहे. झाडांच्या शेंड्यांवरून जाणाऱ्या उंच पुलाने तेथे पोहोचता येते, आणि त्या पुलावर चढण्यासाठी उद्वाहक आहे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापुरातील ब्रिटिश सैन्य जपानला शरण गेले. त्या युद्धाच्या खुणा या किल्ल्यात जतन केल्या आहेत. शरण आलेल्यांत हजारो भारतीय सैनिक होते आणि त्यांच्यातूनच पुढे आझाद हिंद सेना उभी राहिली. आजोबांना उद्यानापेक्षा हा किल्ला अधिक भावण्याची शक्यता मोठी आहे. परंतु आजींना नातीसोबत 'मिनियन लँड'मध्ये फिरायचे असेल, तर त्यांचे तिकीट प्रथम काढावे आणि कपात अन्यत्र करावी. नको असलेली वस्तू वगळणे ही काटकसर. ज्याला हवी आहे त्याला वगळणे हा कंजूषपणा. एवढ्या एका मुद्द्यावर सहलींत घरची मने दुखावतात, आणि ती भरपाई कोणत्याही खात्यातून होत नाही.

उरलेले दिवस फारशा खर्चाविना जातात. वनस्पती उद्यानात प्रवेश मोफत आहे. २०१५ साली त्याला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. 'गार्डन्स बाय द बे'मधील बाहेरच्या बागाही मोफत असून, तेथील कृत्रिम महावृक्षांवर रोज रात्री दोनदा प्रकाश आणि संगीताचा खेळ होतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपलेल्या कुटुंबाला तो निवांत पाहता येतो. परतीच्या दिवशी चांगी विमानतळालगत 'ज्वेल' इमारतीतील ४० मीटर उंचीचा धबधबा पाहण्यासही तिकीट नाही.

मुलांच्या खरेदीसाठी एक पद्धत उपयोगी पडते. निघण्यापूर्वीच प्रत्येक मुलाच्या नावे एक पाकीट करावे, त्यात समजा ३० डॉलर ठेवावेत आणि पूर्ण सहलीची खरेदी त्यातूनच करायची असे सांगावे. पहिल्याच दुकानात संपवायचे की शेवटपर्यंत राखायचे, हा निर्णय मुलाचा. नातवाकडे एक छोटी वही द्यावी, डाव्या पानावर अंदाज आणि उजव्या पानावर प्रत्यक्ष खर्च. रोज रात्री त्याने आजोबांसमोर बेरीज करावी. जेथे आकडा वाढला, तेथे दुसऱ्या दिवशी काय कमी करायचे, हे त्यानेच सुचवावे. घरी परतल्यावर ती वही फेकू नये. पुढच्या वर्षी सेंटोसाला निघणारे नातेवाईक प्रथम तीच मागतील.