समासातला मजकूर

राजकीय संज्ञापन हा विषय मी कॉलेजात शिकवतो. जाहीरनामे, घोषणा, भाषणं आणि अलीकडे रील. पण या विषयाचा माझा स्वतःचा खरा तास झाला तो जानेवारी २०२१मध्ये, एका वस्तीवरच्या ओट्यावर.

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. वर्षानुवर्षं डोळ्यांत बसलेलं कमळ नाही की पंजा नाही. वाट्याला येते कपबशी, शिट्टी नाहीतर छताचा पंखा. त्या वर्षी माघारीची मुदत ४ जानेवारीला संपली, त्याच दिवशी चिन्हं मिळाली आणि मतदान १५ला. वॉर्डात जागा तीन. म्हणजे दहा दिवसांत मतदाराला तीन नवी चिन्हं पाठ करवायची.

पॅनलची पोरं तयारीची. मत द्यायला वय लागतं १८, उभं राहायला २१. मधली तीन वर्षं पोरं दुसऱ्यांचाच प्रचार करतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एका रात्रीत उभा राहिला. ड्रोनचं शूटिंग, डीजेवरचं गाणं, स्टेटसला ‘गुलाल आपलाच’. मी मेसेज मोजत बसलो. बोलणारे तेच पंधरा-वीस जण निघाले, आणि सगळे आधीच आपले. एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी जातो, याची त्यांना भारी कटकट. ही मर्यादा जुलै २०१८मध्ये जाहीर झाली. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला, अशाच मेसेजमधून पसरलेल्या अफवांच्या काळात, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांचा जीव घेतला होता. मेसेज किती लांब धावला यावर पोरं खूश असतात. तो कुणाच्या घरात शिरून काय करतो, हे कुणी बघत नाही.

ओट्यावर उमेदवाराची पुतणी बसली होती, बीएच्या शेवटच्या वर्षाची. मांडीवर नमुना मतपत्रिका, हातात मतदार यादी.

“आज्जे, कपबशी दाव बरं.”

आजीने बोट ठेवलं. शिट्टीही सापडली.

“झालं ना? दोन दाबली की बास.”

“तिसरं बी दाबायचं. पंखा.”

आजीने पंखा शोधला आणि मग म्हणाली, “दाबीन गं. पर वस्तीला पाणी पहाटं चारला सोडत्यात. ते सहाला सोडाल का?”

पोरीकडे उत्तर नव्हतं. तिने ‘बघू’ म्हटलं नाही, हे मला आवडलं. यादीत आजीच्या नावापुढे समासात तिने काहीतरी खरडलं. रात्री तेच ग्रुपवर टाकलं. कुणी काही बोललं नाही. त्याखालच्या ड्रोनच्या व्हिडिओवर मात्र अंगठ्यांची रांग लागली.

निरोप पोचवला की प्रचार झाला, असं तरुण कार्यकर्त्यांना वाटतं. आमची पुस्तकंही बरीचशी तेवढंच शिकवतात. दारातून निरोप परत आणणं हे त्याहून अवघड काम, आणि ते करणाऱ्याला पॅनलमध्ये कुणी विचारत नाही.

आता पहिल्या तासाला मी रील दाखवत नाही. पोरीने दिलेल्या त्या पानाची झेरॉक्स वाटतो. नावांवर काळी पट्टी मारली आहे, समास तसाच आहे. त्यात लिहिलंय : पाणी, ४ नको, ६.