शाळेतली मांजरे आणि आपली दया



शाळेच्या पत्रिकेत परीक्षेचे निकाल आणि स्नेहसंमेलनाचा वृत्तांत सोडून मांजरांवर लेख कशासाठी, असे काही पालकांना वाटेल. पण मागच्या पालक सभेत सर्वांत जास्त वेळ बोलणे झाले ते मांजरांवरच. ज्यांना सभेला येता आले नाही त्यांच्यासाठी, आणि जे आले पण रागावून परत गेले त्यांच्यासाठीही, आम्ही हे लिहीत आहोत.

मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरामागे सात मांजरे राहत होती. ती कोणाची पाळलेली नव्हती. धान्याच्या कोठीमुळे उंदीर आले आणि उंदरांमुळे मांजरे आली. उरलेला वरण-भात उघड्यावर पडायचा, म्हणून ती टिकली. आमच्या जामसांवलीत तसे नवल नाही. निद्रिस्त हनुमंताच्या दर्शनाला मंगळवारी-शनिवारी गर्दी होते, दुकाने लागतात, लोक जेवतात आणि मागे अन्न उरते. जिथे अन्न उरते तिथे जनावर येते.

एके दिवशी पाचवीतल्या एका मुलीने पिल्लू उचलले आणि त्याच्या आईने मुलीच्या हातावर पंजा मारला. बाईंनी लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे जखम धुतली, मग तिला सरकारी दवाखान्यात नेले. रेबीजची लस ठरल्याप्रमाणे पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि २८व्या दिवशी दिली गेली. मुलगी ठणठणीत आहे. पण पालक घाबरले, आणि त्यांची भीती खरी होती. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही. सभेत मागणी झाली की सगळी मांजरे पोत्यात भरून नदीपलीकडे सोडून द्या. एकाने तर विषारी गोळ्यांचे नावही काढले.

आपल्याकडे जुनी माणसे सांगतात, मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर दान द्यावे लागते. त्या भीतीने आपण मांजर मारत नाही. पण पोत्यात भरून सोडून देण्याला कोणी प्रायश्चित्त सांगितलेले नाही, म्हणून ते काम आपण बिनघोर करतो. मांजर जागेला धरून राहणारे जनावर आहे. परक्या जागी त्याला लपायची फट माहीत नसते, पाणी माहीत नसते, कुत्री अंगावर येतात. मागे पिल्ले राहिली असली तर ती दूध नसल्याने मरतात. मारण्याचे काम आपण फक्त दुसऱ्यावर सोपवतो, एवढेच.

सभेत एका विद्यार्थ्याच्या आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नदीच्या तिकडे नेऊन सोडली त काय झालं जी सर? तिकडचे लोक का परके हायेत?" यावर कोणाला उत्तर सुचले नाही.

विषाचा विषय तर आम्ही तिथेच बंद केला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे जनावराला विष घालून मारल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय ज्या आवारात आपली लेकरे जेवतात तिथे विष ठेवणे कोणाला परवडेल?

दुसऱ्या बाजूला काही दयाळू मंडळी होती. ती रोज वाटीभर दूध आणून ठेवत. त्यांचा हेतू चांगला, पण नुसत्या दुधाने प्रश्न वाढतो. एक तर मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना गाईचे दूध पचत नाही, हगवण लागते. दुसरे म्हणजे मांजरी चार ते सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, सुमारे नऊ आठवड्यांत विते, एका वेळी तीन ते पाच पिल्ले देते आणि वर्षातून दोन-तीनदा देते. खाऊ घालून त्यापुढे काही केले नाही तर पुढच्या वर्षी तीच पिल्ले रस्त्यावर मरताना पाहावी लागतात.

मग करायचे काय? हा प्रश्न आमच्या एकट्या गावाचा नाही. मुंबई महानगरपालिकेने २०१९ पासून भटक्या मांजरांची नसबंदी सुरू केली. इटली देशात १९९१च्या कायद्याने मोकळ्या मांजरांना छळणे मना केले आणि त्यांची नसबंदी करून त्यांना त्यांच्याच कळपात परत सोडायचे ठरवले. रोम शहरात ज्या भागात ज्युलियस सीझरचा खून झाला, तिथल्या जुन्या देवळांच्या अवशेषांत आजही मांजरे राहतात आणि माणसे त्यांची देखभाल करतात. परत त्याच जागी सोडण्यामागे कारण आहे. जागा रिकामी केली आणि अन्न तसेच राहिले, तर नवी मांजरे येतात आणि पुन्हा वितात. नसबंदी झालेले मांजर तिथेच राहिले तर संख्या हळूहळू उतरते, भांडणे आणि रात्रीचे ओरडणेही कमी होते.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत या कामाला नसबंदी म्हणतात आणि मराठीतही तोच शब्द चालतो. म्हणून सभेत शब्द समजावून सांगावा लागला नाही, फक्त लोकांचा संकोच काढावा लागला.

आम्ही आधी उरलेल्या अन्नासाठी झाकणाचे पिंप आणले. मांजरांचे खाणे मुलांच्या जेवणाच्या जागेपासून दूर, कुंपणाच्या कोपऱ्यात, शाळा सुटल्यावर एकदाच ठेवू लागलो. अर्ध्या तासाने भांडे उचलायचे, असा नियम केला. जवळपास मांजराच्या शस्त्रक्रियेची सोय मिळाली नाही, म्हणून नागपूरच्या एका खाजगी पशुवैद्यांशी बोललो. खर्चासाठी पालकांनी आणि काही दुकानदारांनी वर्गणी दिली, एका संत्रा व्यापाऱ्याने गाडी दिली. पिंजऱ्यात खाणे ठेवून एकेक मांजर धरले, पिंजऱ्यावर जाड कापड टाकले, म्हणजे ते अंधारात शांत राहते. शस्त्रक्रियेच्या वेळीच रेबीजची लस दिली आणि डाव्या कानाचे टोक थोडे कापले. ही खूण जगभर चालते. लांबून पाहूनच कळते की या मांजराचे काम झाले आहे, त्याला पुन्हा धरायला नको.

सगळे गोड झाले असे नाही. चार पिल्लांपैकी दोन आजाराने गेली, मुले रडली. उरलेली दोन आठ आठवड्यांची झाल्यावर दोन घरी गेली. लहानपणीच माणसाचा हात लागला तर मांजर माणसाळते. मोठे रानटी झालेले मांजर सहसा माणसाळत नाही, आणि त्याने माणसाळावे असा हट्टही धरू नये. आमच्या स्वयंपाकीण काकू म्हणतात, "मांजर हाये म्हणून तांदूळ वाचते जी." तेवढे नाते पुरे आहे.

दोन गोष्टी स्पष्ट करतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या आवारातून भटके कुत्रे हलवण्याचा आणि ते तिथे परत न सोडण्याचा आदेश दिला. शाळांबाबतचा तो आदेश कुत्र्यांविषयी आहे आणि तो पाळावाच लागेल. आणि शेतात, नाल्याकाठी लांब पायांचे, आखूड शेपटीचे, कानांच्या टोकांवर काळे केस असलेले मांजर दिसले तर ते रानमांजर आहे. त्याला १९७२च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. त्याला धरू नका, त्याची पिल्लेही उचलू नका.

पालकांना विनंती आहे की मुलांना मांजराची भीती शिकवू नका, अंतर शिकवा. पिल्लू उचलायचे नाही, खाणाऱ्या मांजराला हात लावायचा नाही, ओरखडा किंवा चावा लपवायचा नाही, आधी साबण-पाणी आणि मग दवाखाना. २८ सप्टेंबर हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी शाळेत याच विषयावर कार्यक्रम ठेवणार आहोत, जरूर यावे.

आता आवारात पाच मांजरे आहेत आणि पाचही जणांचे डावे कान कापलेले आहेत. नवी पिल्ले नाहीत. वर्गणीतले थोडे पैसे शिल्लक आहेत, ते गावातल्या मांजरांसाठी ठेवले आहेत. म्हणून कोणी पोते घेऊन नदीकडे निघालेले दिसले तर त्याच्याशी भांडू नका. ते पोते शाळेत घेऊन यायला सांगा.

आपले,
प्राचार्य