नाही गेलास तर बरं!

"स्मरणिकेसाठी लेख देणार की कविता?" मंडळाच्या समितीतून फोन आला. मी सवयीनं म्हणालो, "काहीही चालेल." पलीकडून लगेच उत्तर, "काहीही छापता येत नाही हो, काय ते ठरवा!" फोन ठेवला आणि वाटलं, यावरच लिहावं. आपल्याला काय हवंय ते सरळ सांगणं आम्हा मध्यमवर्गीय मराठी माणसांना जड जातं. इंग्रजीत तर त्याला व्याकरणही आडवं येतं.

माझं शिक्षण सांगलीत, मराठी माध्यमात. 'मला कॉफीपेक्षा चहा आवडतो' याचं इंग्रजी मी बेधडक 'आय प्रिफर टी दॅन कॉफी' असं करायचो. 'पेक्षा' म्हणजे 'दॅन', हे डोक्यात पक्कं! आमचे सर 'रेन अँड मार्टिन'वर बोट ठेवून म्हणायचे, "प्रिफर, सीनियर, ज्युनियर ही सगळी लॅटिनची लेकरं. त्यांना 'टु'च लागतो." म्हणून 'आय प्रिफर टी टु कॉफी', 'आय प्रिफर वॉकिंग टु ड्रायव्हिंग'. 'दॅन'ची जोडी 'वुड रादर'शी: 'आय वुड रादर वॉक दॅन ड्राइव्ह'. तिथे क्रियापद अगदी मूळ रूपात, 'टु' नाही की 'आयएनजी' नाही.

२००६ साली मास्टर्ससाठी मेलबर्नला आलो तेव्हा हे सगळं पाठ होतं. तरी पहिल्याच नोकरीत माझा त्रिफळा उडाला. एका गुरुवारी मॅनेजर हसत म्हणाला, "आय वुड रादर यू डिडन्ट रिलीज इट टुमारो." 'डिडन्ट' आणि 'टुमारो' एकाच वाक्यात? मला वाटलं, मांडलं असेल त्यानं आपलं मत. शुक्रवारी दुपारी मी रिलीज करून मोकळा झालो. संध्याकाळी सिस्टिम झोपली आणि शनिवार-रविवार आम्ही चौघं ऑफिसात!

'वुड रादर'नंतर दुसरा माणूस आला की क्रियापद भूतकाळी होतं, अर्थ मात्र आजचा किंवा उद्याचा असतो, हे मला नंतर कळलं. आणि साहेबाच्या तोंडी ते नुसतं मत नसतं, तो हुकूम असतो. गंमत म्हणजे हे मला लहानपणापासून ठाऊक असायला हवं होतं. आई म्हणायची, "उद्या नदीवर नाही गेलास तर बरं." 'उद्या' भविष्यातलं, 'गेलास' भूतकाळी, आणि गेलोच तर पाठीत धपाटा!

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे आली. "इथंच राहशील ना आता?" असं विचारलं तर म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." मी तो होकार धरला, व्हिसाची चौकशी सुरू केली, सांगलीच्या घराला गिऱ्हाईकही शोधू लागलो.

मे २०२५मध्ये इथे संघीय निवडणूक झाली. या देशात १९१८पासून पसंतीक्रमानं मतदान होतं. प्रतिनिधीगृहाच्या मतपत्रिकेवर प्रत्येक नावापुढे आकडा घालावाच लागतो, अगदी नावडत्या उमेदवारालासुद्धा शेवटचा. लेकीनं त्या धर्तीवर रविवारच्या जेवणाची मतपत्रिका केली. "आजी, सगळ्या चौकोनांत नंबर हवेत, नाहीतर मत बाद!" आई निवृत्त शिक्षिका. म्हणाली, "मला नको शिकवूस. आमच्या शिक्षक मतदारसंघात पसंतीक्रमच असतो." तिनं पिठलं-भाकरीला १ दिला आणि पास्त्याला ४. दर शुक्रवारी ज्याला ती "चालेल की" म्हणत होती, तो पास्ता सगळ्यात शेवटी!

आम्ही खूप हसलो. रात्री मात्र मला झोप लागेना. आणखी कशाकशाला ती "चालेल" म्हणाली असेल? आणि एकदम आठवलं, घराचा विषय निघाला तेव्हा ती भाजी निवडता निवडता म्हणाली होती, "घर आत्ताच नाही विकलंस तर बरं." मॅनेजरच्या वाक्यासारखंच तेही मी मत म्हणून सोडून दिलं होतं.

सकाळी चहाच्या वेळी नीट विचारलं, "आई, काय चालेल ते सांगू नकोस. तुला काय आवडेल?"

ती बराच वेळ कपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला माझ्या घरी राहायला आवडेल. तुमची आठवण येईल, पण तिथं शेजारीपाजारी आहेत, माझ्या विद्यार्थिनी येतात-जातात. इथं तुम्ही सगळे कामावर गेलात की मी घड्याळाकडे बघत बसते."

घर विकलं नाही. आई आता सांगलीत असते. दिवसभराची एक बाई ठेवली आहे, मी रोज फोन करतो, आणि काळजी काही संपत नाही.

परवा फोनवर विचारलं, "दिवाळीला येऊ का?"

"कामं असतील तुझी," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण आलास तर बरं होईल."

मी त्याच रात्री तिकीट काढलं.