सगळ्यांच्या चालीने योकोहामा

आई-बाबा नोव्हेंबरात आमच्याकडे तोक्योला येणार म्हटल्यावर मी एक गोष्ट त्यांच्या तिकिटांच्याही आधी ठरवून टाकली होती: त्यांना योकोहामाचं बंदर दाखवायचं. बाबांची सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत झाली. इंदिरा डॉकच्या शेडमध्ये जहाजातून उतरलेल्या मालाची नोंद ठेवण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्याने जपानला यावं आणि देवळं, बुलेट ट्रेन आणि फुजीचा डोंगर बघून परत जावं, हे मला पटत नव्हतं.

ठिकाणांची यादी करणं सोपं होतं. योकोहामाच्या किनाऱ्यावर तीन-चार किलोमीटरच्या पट्ट्यात इतकं काही आहे, की यादी संपत नाही. मी मात्र वहीत आधी माणसं लिहिली. आई सपाट रस्त्यावर अर्धा तास सहज चालते, पण जिने उतरताना तिचे गुडघे दुखतात; शिवाय ती पक्की शाकाहारी. बाबा कितीही चालतील, पण जहाज दिसलं की तिथून हलणार नाहीत. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला कप नूडल्सचं संग्रहालय हवं होतं. धाकटी चार वर्षांची. दुपारी तिला झोप लागतेच, आणि ती झोप बुडली तर संध्याकाळ सगळ्यांनाच जड जाते. ही यादी पुरी झाल्यावर मी नकाशा उघडला.

बहुतेक लोक साकुरागिचो स्टेशनवर उतरतात, मिनातो मिराईच्या उंच इमारतींपासून सुरुवात करतात आणि चालत चालत यामाशिता उद्यानापर्यंत येतात. आमच्यासाठी मी हा क्रम उलटा केला. सकाळी पाय ताजे असताना उद्यान आणि जहाज, दुपारी मोकळ्यावर विसावा, मग मुलांचं संग्रहालय आणि शेवटी बसल्या बसल्या परत स्टेशनवर. वारांचाही विचार करावा लागतो. हिकावा मारू आणि निप्पोन मारू ही तिथली दोन्ही जुनी जहाजं सोमवारी बंद असतात, कप नूडल्सचं संग्रहालय मंगळवारी. आम्ही शाळेच्या सुट्टीचा शनिवार धरला. नोव्हेंबरअखेर तिथे साडेचारलाच सूर्य मावळतो. उन्हाळ्यात दिवे बघायचे तर मुलांना साडेसात-आठपर्यंत ताटकळत ठेवावं लागतं. या दिवसांत पाचला सगळं बंदर उजळतं आणि लहान-म्हातारी माणसं वेळेत घरी पोहोचतात.

निशिकासाईहून आम्ही तोझाई लाइनने ओतेमाचीला आलो, तिथून तोक्यो स्टेशन आणि पुढे तोकाइदो लाइनने योकोहामा. सहा वर्षांखालच्या मुलांना जपानच्या लोकल गाड्यांत तिकीट लागत नाही आणि मोठ्या स्टेशनांवर लिफ्ट असते. फक्त ती कोणत्या टोकाला आहे हे आदल्या रात्री बघून ठेवलं, तर डबा त्याप्रमाणे निवडता येतो. योकोहामा स्टेशनच्या पूर्वेकडून ‘सी बास’ नावाची छोटी बोट सुटते आणि पाण्यावरून थेट यामाशिता उद्यानाला नेते. दिवसाची सुरुवात आईने बसून करावी, हा माझा हेतू होता. बंदर आधी पाण्यावरून बघायला मिळालं, हा लाभ बाबांचा.

बोटीतून एकेक ओळखू यायला लागलं: 1993 साली बांधलेला 296 मीटर उंच लँडमार्क टॉवर, शिडाच्या आकाराचं पांढरं हॉटेल, आणि पोटावर घड्याळ असलेला कॉस्मो क्लॉक नावाचा प्रचंड पाळणा. बाबांनी विचारलं, “इथे आधी काय होतं गं?” मी सांगितलं, की मित्सुबिशीचा जहाजबांधणीचा कारखाना होता. 1980च्या दशकात तो इथून हलवला, काही भाग समुद्रात भराव टाकून वाढवला आणि मिनातो मिराई उभं राहिलं. कारखान्याच्या जुन्या दगडी सुक्या गोद्या मात्र त्यांनी बुजवल्या नाहीत. एकीत आज निप्पोन मारू हे शिडांचं प्रशिक्षण-जहाज उभं आहे. दुसरी लँडमार्क टॉवरच्या पायथ्याशी आहे आणि तिच्या तळात लोक बसतात, तिथे कार्यक्रम होतात. बाबा कठड्याला धरून उभे राहिले आणि उतरेपर्यंत बसले नाहीत.

यामाशिता उद्यान 1930 साली खुलं झालं. 1923च्या महाभूकंपात योकोहामा जवळजवळ संपूर्ण उद्ध्वस्त झालं होतं. त्या पडझडीचा राडारोडा समुद्रात लोटून जी जमीन झाली, तिच्यावर हे उद्यान आहे. पाण्याला लागून लांबच लांब सपाट वाट, बाकं आणि मागच्या रस्त्यावर पिवळ्याधमक झालेल्या गिंको झाडांची रांग. याच उद्यानाच्या काठाला हिकावा मारू कायमची बांधून ठेवली आहे.

इथे आमचे दोन गट झाले, आणि तसे होणार हे आधीच ठरलेलं होतं. आई आणि मी धाकटीला घेऊन उद्यानात थांबलो. जहाजाला धरून ठेवणाऱ्या साखळदंडांवर समुद्रपक्षी ओळीने बसतात. लेकीला तेवढं पुरलं. बाबा, माझा नवरा आणि मुलगा जहाजावर गेले. आत अरुंद जिने आहेत, म्हणून आईला आग्रह केला नाही, आणि तिलाही काही चुकल्यासारखं वाटलं नाही. कुटुंबाने दिवसभर एकमेकांना चिकटून राहिलं पाहिजे असं नाही. एकाच बाकापाशी पुन्हा भेटायचं ठरलेलं असलं, की प्रत्येकाला आपापला आनंद पुरेपूर घेता येतो.

बाबा परतले ते दीड तासाने, आणि बोलत राहिले. 1930 साली सेवेत आलेलं हे जहाज सिअ‍ॅटलच्या मार्गावर चालायचं. पहिल्या वर्गाची भोजनशाला आणि बैठकीची दालनं फ्रेंच सजावटकाराने आर्ट डेको शैलीत सजवलेली. 1932 साली चार्ली चॅप्लिन जपानहून याच जहाजाने परत गेला. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1938 साली याच जहाजावर शेवटचा श्वास घेतला. युद्धात ते रुग्णालय-जहाज झालं, सुरुंगांचे धक्के सोसून तरलं आणि 1960 साली निवृत्त झालं. पण बाबांचं मन रमलं ते तळाच्या एंजिनघरात आणि मालाच्या कोठारांच्या माहितीत. अमेरिकेला जाणारं कच्चं रेशीम ओल आणि वास लागू नये म्हणून वेगळ्या खोलीत ठेवत, हे वाचून ते नातवाला म्हणाले, “माल समजला, की जहाज समजतं.” जहाज ज्या गोदीत बांधलं, ती मघाशी बोटीतून पाहिलेल्या टॉवरच्या जागीच होती, हेही त्यांनी त्याला बोट दाखवून सांगितलं.

मग मी त्यांच्यासाठी राखून ठेवलेली गोष्ट सांगितली. या जहाजाची मालक निप्पोन युसेन काइशा ही कंपनी. जपानची पहिली दूरच्या पल्ल्याची नियमित जहाजसेवा तिनेच 1893 साली सुरू केली, आणि ती मुंबईला. जपानच्या सूतगिरण्यांना आपल्याकडचा कापूस हवा होता, पण परदेशी जहाज कंपन्यांचं भाडं परवडत नव्हतं. जमशेटजी टाटांनी जपानी गिरणीवाल्यांशी आणि या कंपनीशी बोलणी करून हा मार्ग उघडायला मदत केली. बाबा कितीतरी वेळ जहाजाच्या काळ्या अंगाकडे बघत राहिले. त्यांच्या बंदरापासून निघालेला एक धागा इथवर येतो, हे त्यांना जपानातल्या दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी सापडलं नसतं.

जेवण आम्ही घरून नेलं होतं. चायनाटाउन तिथून पाच-दहा मिनिटांवर आहे, पण शाकाहारी माणसाला तिथे प्रत्येक पदार्थाबद्दल विचारत बसावं लागतं. आईने पहाटे धपाटे केले होते, सोबत दाण्याची चटणी आणि दही. ज्यांच्या घरात शाकाहारी माणूस आहे, त्यांना मी हेच सांगेन: डबा न्या, आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी न्या, कारण जपानच्या उद्यानांत कचऱ्याची डबडी जवळजवळ नसतातच.

जेवायला बसायची जागाही मी विचार करून निवडली होती. उद्यानाच्या एका टोकाला घुमटाची एक छोटी, चहूबाजूंनी खुली वास्तू आहे. तिचं नाव भारतीय जलस्तंभ. योकोहामा हे रेशमाचं बंदर असल्याने भारतीय व्यापारी, त्यांत सिंधी बरेच, इथे पेढ्या घालून राहत होते. भूकंपात त्यांच्यातलेही काही गेले. उरलेल्यांना शहराने आसरा दिला, पुन्हा उभं राहायला मदत केली. त्या उपकाराची आठवण आणि गेलेल्यांचं स्मारक म्हणून भारतीयांनी 1930च्या दशकाच्या अखेरीस ही पाणपोई शहराला दिली. आत गेल्यावर मान वर करून छताचं रंगीत नक्षीकाम नक्की बघावं. आईला ही वास्तू सगळ्यांत भावली. परक्या गावात आपल्या माणसांनी देऊळ किंवा पुतळा न उभारता पाणपोई बांधली, याचं तिला फार अप्रूप वाटलं. तिने तिथे हात जोडले.

जेवणानंतर धाकटीला बाबागाडीत घातलं आणि ओसानबाशी धक्क्याकडे निघालो. सपाट रस्त्याने दहा-पंधरा मिनिटं लागतात. हा देशोदेशीच्या प्रवासी जहाजांचा धक्का. 1894 साली इथे पहिला लोखंडी धक्का झाला. आजची इमारत 2002ची, फरशीद मूसावी आणि अलेहांद्रो झाएरा-पोलो या वास्तुविशारदांची. तिचं छप्पर म्हणजे लाकडी फळ्यांचं आणि हिरवळीचं उंचसखल मैदान. रस्त्यावरून एकही जिना न चढता उतारांवरून थेट छतावर जाता येतं, तिकीट नाही, दार नाही. आई स्वतःच्या पायांनी, न थांबता वर पोहोचली. धाकटी वाऱ्यात गाढ झोपली. मुलगा उतारांवर पळत सुटला. आम्ही हिरवळीवर बसलो. समोर सबंध बंदर.

तिथेच बाबा म्हणाले, “मुंबईत गोदीच्या भिंतीपलीकडे समुद्र आहे, हे माझगावात जन्म काढलेल्यालाही दिसत नाही. आम्हाला पास होता म्हणून दिसला.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, हळहळ होती. योकोहामात बंदराचं काम थांबलेलं नाही. ते बाहेरच्या धक्क्यांवर गेलं आणि आतला जुना किनारा लोकांना मोकळा झाला. 1911 आणि 1913 साली बांधलेली जकातीची लाल विटांची गोदामं आज दुकानांनी आणि माणसांनी गजबजलेली असतात. मालगाडीचे जुने रूळ चालायच्या वाटेत तसेच राखले आहेत. जुनं पाडून टाकलं नाही आणि कुलुपातही ठेवलं नाही.

तिथून गाडी करून कप नूडल्स संग्रहालयात गेलो. आतली ‘माय कप नूडल्स फॅक्टरी’ आधी वेळ आरक्षित करूनच गाठावी, सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. कागदी पेला आपण रंगवायचा, चार रश्श्यांपैकी एक आणि बारा घटकांपैकी चार निवडायचे, आणि पेला डोळ्यांदेखत बंद होऊन मिळतो. रश्श्यांत मांस-मासळी असते, म्हणून आईने खाण्यासाठी पेला घेतला नाही. तिने आपल्या पेल्यावर ठिपक्यांची रांगोळी काढली आणि तो नातवाला दिला. मोमोफुकु आंदोंनी 1958 साली ज्या झोपडीवजा खोलीत झटपट नूडल्सचा शोध लावला, तिची प्रतिकृती तिथे आहे. नूडल्स तळल्या की पाणी उडून जातं आणि बारीक छिद्रं पडतात, त्यांतून पुढे गरम पाणी शिरतं, हे आईने एका दृष्टिक्षेपात ओळखलं. तेव्हा आंदो 48 वर्षांचे होते, आणि कप नूडल्स आल्या तेव्हा 61. बाबांना हे आकडे फार आवडले.

बाहेर पडलो तेव्हा दिवे लागले होते. जवळच्याच उंगा पार्कपासून साकुरागिचो स्टेशनपर्यंत 2021 पासून ‘एअर केबिन’ हा पाळणामार्ग आहे. साधारण पाच मिनिटांत पाण्यावरून, निप्पोन मारूच्या डोलकाठ्यांशेजारून तो स्टेशनासमोर सोडतो. थकलेल्या माणसांना हेच अंतर चालवत नेण्यापेक्षा तिकिटाचे पैसे मोजावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

लँडमार्क टॉवर आम्ही चढलो नाही, चायनाटाउनची कमान पाहिली नाही, कॉस्मो क्लॉकच्या पाळण्यात बसलो नाही. त्याची रुखरुख कुणालाच नाही. घरातल्या सगळ्यांत सावकाश चालणाऱ्या माणसाच्या चालीने दिवस आखला, की बाकीच्यांचं काही कमी होत नाही; उलट सगळ्यांनाच थांबून बघायला मिळतं. आता ओळखीच्या कुणाचे आई-वडील येणार असले, की मी त्यांना आधी माणसांची यादी करायला सांगते आणि मगच नकाशा देते.

मात्र अशी आखणी घरच्यांनी कितीही मनापासून केली, तरी ती पार पडते ती किनारा खुला, सपाट आणि बसता येण्याजोगा असेल तरच. ते काम शहराचं आहे. भाऊच्या धक्क्यापासून शिवडीपर्यंत आईचा हात धरून असा एक दिवस घालवता यावा, बाबांनी नातवंडांना त्यांची गोदी आतून दाखवावी, ही इच्छा मी योकोहामाहून घेऊन आले आहे. मुंबईकरांनी ही मागणी हक्काने करायला हवी.