फळ्यावरचे उदाहरण

इंग्रजीच्या तासाला मी वर्षानुवर्षे एकच उदाहरण देत आलो : 'नो सूनर डिड द डॉक्टर अराइव्ह दॅन द पेशंट डाइड.' 'नो सूनर' आरंभी आले, की 'डिड' कर्त्याच्या आधी येते. भूतकाळ ते स्वतःकडे घेते व मुख्य क्रियापद मूळ रूपात उरते. 'सूनर' हे तुलनेचे रूप, म्हणून त्याचा जोडीदार 'दॅन'. 'हार्डली'चा मात्र 'व्हेन'. जोडी चुकली, की मी गुण कापीत असे.

गेल्या वर्षी डॉक्टर दारात येतात न येतात तोच आईचा श्वास थांबला.

पुन्हा वर्गात गेलो, तेव्हा खडू हातातच राहिला. असा प्रसंग घरी पाहिलेले एखादे मूल समोर बसले असेल, हे इतक्या वर्षांत मनातही आले नव्हते. आता मी शाळेच्या घंटेचे उदाहरण देतो. नियम त्यानेही तितकाच समजतो.